"ताई, कुणाला सांगू नका ना" : अशा वेळी कौन्सेलरने काय करायचं

गेल्या पावसाळ्यात रात्री साडेनऊला एका ज्युनियर कौन्सेलरचा फोन आला. नाशिकच्या सिडकोत एका छोट्या क्लिनिकमध्ये बसते ती, आणि आवाज इतका घाबरलेला की मला आधी वाटलं हिच्याच घरी काहीतरी झालंय. तर झालं असं होतं की सोळा वर्षांची मुलगी, तिसरं सेशन, अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणून आईने आणलेली, आणि सेशन संपायला पाच मिनिटं असताना ती एकदम बोलली की नात्यातलाच एकजण दोन वर्षं त्रास देतोय, आणि पुढच्याच श्वासात म्हणाली, "ताई, कुणाला सांगू नका ना. आईला तर नकोच." हिने, त्या क्षणी आपल्यापैकी बऱ्याच जणींनी केलं असतं तेच केलं, तिचा हात धरला आणि म्हणाली, "नाही सांगणार." आता हिला झोप येईना, कारण मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराबद्दल कळलं की पोलिसांना कळवायलाच लावणारा पोक्सो कायदा हिला माहीत होता आणि दिलेला शब्दही कानात वाजत होता.

(मुलीचे तपशील मी बदललेत. पुढच्या सगळ्याच उदाहरणांचे बदललेत, दोन-तीन माणसांचं मिळून एक केलंय.)

त्या रात्री आम्ही तासभर बोललो. तेव्हापासून मनात होतं की हे एकदा लिहून काढावं, कारण नाशिकमध्ये नवीन कौन्सेलर खूप येतायत, एमए झालं, डिप्लोमा झाला की गंगापूर रोडला नाहीतर नाशिक रोडला खोली घेऊन बसतात, मनापासून काम करतात, पण असा प्रसंग आला की विचारायला माणूस नसतो. एथिक्सचा पेपर सगळ्यांनीच दिलेला असतो. स्वायत्तता, हित, अहित न करणं, न्याय ही चार तत्त्वं पाठ असतात, पण समोर मुलगी रडत असते तेव्हा त्यातली दोन एका बाजूला ओढतात आणि दोन दुसऱ्या, आणि पुस्तकात त्याच्या पुढचं पान नसतं.

मी माझ्यापुरतं एक धरून ठेवलंय. अत्याचार म्हणजे, मग तो लैंगिक असो नाहीतर नवऱ्याची मारहाण असो, माणसाला न विचारता त्याच्यावर काहीतरी केलं गेलं. त्याचं "नाही" कुणी मोजलंच नाही. आता आपण घेतलेला निर्णय कितीही बरोबर असला तरी तो तिच्या पाठीमागे झाला की तिला तो तसाच लागतो, परत कुणीतरी मला न विचारता ठरवलं. म्हणून तिला आधी सांगायचं, जे करायचं ते तिच्यासमोर करायचं, आणि कायद्याने आपले हात बांधलेले असले तरी त्यातून जेवढी म्हणून निवड तिच्या हातात ठेवता येईल तेवढी ठेवायची.

पहिल्या सेशनचं बोलणं

त्या ज्युनियरची चूक तिसऱ्या सेशनला झालीच नव्हती, पहिल्या सेशनला झाली होती. तिथे तिने नेहमीचं वाक्य म्हटलं होतं, "इथे बोललेलं सगळं गोपनीय राहील." हे वाक्य खोटं आहे हो. आपण सगळेच म्हणतो आणि ते खोटं आहे, कारण सगळं गोपनीय राहू शकत नाही. फॉर्मवर बारीक अक्षरात लिहिलंय, सही घेतलीये, हे पुरत नाही, कारण घाबरलेला माणूस फॉर्म वाचत नसतो, कुठे सही करू तेवढंच विचारतो.

मी साधारण असं बोलते: "तू इथे जे सांगशील ते माझ्याजवळ राहील, आईबाबांना पण मी तुझ्या परवानगीशिवाय सांगणार नाही. पण तीन वेळा मला गप्प बसता येत नाही. एक, तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर. दोन, तुझ्यामुळे दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तर. आणि तीन, अठराच्या आतल्या कुणाला कुणी घाणेरडा स्पर्श करतंय किंवा तसलं काही करतंय असं कळलं तर, तिथे कायदाच मला सांगायला लावतो. तसं काही आलं तर मी तुला आधी सांगेन, मग पुढचं करेन. तुझ्या नकळत काही करणार नाही." आणि मग विचारायचं, "आता तू तुझ्या शब्दांत सांग, मी काय म्हणाले?" ती सांगताना कळतं काय पोचलं. प्रौढ माणूस असेल तर हेच, फक्त कोर्टाने मागितलं तर नोट्स द्याव्या लागू शकतात हे पण त्यात घालायचं.

काही जणी म्हणतात, असं आधीच सांगितलं तर मुलं बोलायचीच नाहीत. काही खरंच बोलत नाहीत, पहिल्या सेशनला. पण माझा अनुभव असा की मुलं हे ऐकतात, लक्षात ठेवतात, आणि मग ज्या दिवशी सांगतात त्या दिवशी कुठेतरी त्यांना हवंच असतं की आता कुणीतरी काहीतरी करावं. आणि नाही बोलली तरी ती न बोलण्याची निवड तिने माहिती असताना केलेली असते.

मूल असेल तर

पोक्सो २०१२ चा कायदा आहे, मुलगा-मुलगी असा भेद त्यात नाही, अठराच्या आतलं कुणीही. कलम १९ असं सांगतं की गुन्हा झाल्याचं माहीत असेल किंवा होईल अशी भीती असेल तर विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचंच, कौन्सेलर, डॉक्टर, शिक्षक, शेजारी, कुणीही असो. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. चांगल्या हेतूने कळवलं आणि पुढे काही सिद्ध झालं नाही म्हणून तुमच्यावर बालंट येत नाही, हे कलम १९ मध्येच आहे. चाइल्डलाइनच्या १०९८ नंबरची मदत घेता येते, रात्री-अपरात्री सुद्धा.

म्हणजे कळवायचं का, हा प्रश्न आपल्या हातात राहिलेलाच नाही. मग उरतं काय? माझ्या मते बरंच उरतं आणि खरं काम तिथेच आहे. त्या ज्युनियरला मी म्हटलं, पुढच्या आठवड्याच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नको, उद्या सकाळीच मुलीला बोलव, आणि आधी माफी माग. "मी काल तुला नाही सांगणार म्हणाले, ते माझं चुकलं, मला तसा शब्द देता येत नव्हता." हे मोठ्या माणसाने लहान मुलीला म्हणणं आपल्याकडे किती दुर्मिळ आहे बघा, तिच्याबाबतीत ज्या मोठ्या माणसाने वाईट केलं त्याने कधी म्हटलं नसणार.

मग तिला पुढचं सगळं सांगायचं, टप्प्याटप्प्याने, कारण अर्धी भीती पुढे काय होईल ते माहीत नसण्याची असते. जबाब घ्यायला शक्यतो महिला अधिकारी येतात, सब-इन्स्पेक्टर किंवा वरच्या, आणि युनिफॉर्ममध्ये नसतात. जबाब घरी देता येतो किंवा तिला जिथे बरं वाटेल तिथे. तिचा विश्वास असलेलं माणूस शेजारी बसू शकतं. रात्री पोलीस स्टेशनला ठेवून घेता येत नाही. मेडिकल मुलीचं असेल तर महिला डॉक्टरच करतात. पोलिसांना २४ तासांत बालकल्याण समितीला कळवावं लागतं, आणि समिती तिला एक सपोर्ट पर्सन देऊ शकते जी कोर्टापर्यंत सोबत राहते. आणि तिचं नाव, शाळा, फोटो पेपरात छापायला बंदी आहे. हे सगळं ऐकताना मुलांच्या चेहऱ्यावर काय होतं ते एकदा बघा, त्यांना वाटत असतं उद्या गाडी येईल, सगळी सोसायटी गॅलरीत उभी राहील आणि मला घेऊन जातील.

आणि मग निवड: आईला आधी कोण सांगणार, तू का मी? तू बाजूला बसणार का बाहेर थांबणार? आई नको तर घरात दुसरं कोण, मावशी, आजी? फोन इथून लावायचा का आपण दोघी जाऊ? ती मुलगी सुरुवातीला भडकली, दार आपटून पॅसेजमध्ये गेली, दहा मिनिटांनी परत आली आणि म्हणाली, आईला मी सांगते, तुम्ही नुसत्या बाजूला बसा. तसंच केलं. आईने पहिली दहा मिनिटं विश्वास ठेवला नाही, मग ठेवला.

इथे दोन गोष्टी अजिबात करू नका. एक म्हणजे तपास. कधी, कुठे, किती वेळा, नक्की काय केलं, हे खोदून विचारणं आपलं काम नाही, त्याने तिला परत त्यातून जावं लागतं आणि पुढे कोर्टात समोरचा वकील म्हणतो हे सगळं कौन्सेलरने डोक्यात भरवलं. ती स्वतःहून जे बोलली ते तिच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा, बस. दुसरी म्हणजे कळवलं आणि सुटलो. रिपोर्ट झाल्यावर कितीतरी ठिकाणी कौन्सेलिंग आपोआप बंद पडतं, घरचे म्हणतात आता केस चालू आहे, आपल्यालाही वाटतं आता पोलीस बघतील, आणि पोर नेमकी सगळ्यात एकटी पडते तेव्हाच. पुढची अपॉइंटमेंट त्याच दिवशी लिहून द्या. गुन्हा नोंदवला असेल तर मनोधैर्य योजना सांगा, राज्याची २०१३ पासूनची योजना आहे, लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांना आर्थिक मदत मिळते, अर्जाचं काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चालतं. घरच्यांना बहुतेकदा कुणी सांगितलेलंच नसतं.

आता याच जातीच्या दोन आणखी अवघड केसेस.

सतरा वर्षांची मुलगी, अठरा-एकोणीसचा मुलगा, दोघांच्या मनाने चाललेलं प्रेमप्रकरण. मला पोटातून वाटतं की हिला कायद्याने गुन्ह्याची पीडित म्हणणं बरोबर नाही, पण पोक्सोत अठराच्या खाली संमती धरलीच जात नाही आणि कलम १९ मध्ये अशी सवलतही नाही. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलींच्या बाबतीत डॉक्टरांना एक वाट दिली, मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करायची गरज नाही अशी. ती डॉक्टरांसाठी आहे, कौन्सेलरने स्वतःला लावून घेऊ नये. माझा सल्ला एवढाच की अशा केसमध्ये त्याच दिवशी वकिलाशी बोला, नाव न सांगता, आणि मुलीला अंधारात ठेवू नका. आणि पहिल्या सेशनचं ते तीन मुद्द्यांचं बोलणं इथे किती कामाला येतं ते कळेलच, कारण मग काय सांगायचं हे तिने माहिती असताना ठरवलेलं असतं.

दुसरी, अठ्ठावीस वर्षांची बाई, इंजिनियर, सातपूरला नोकरी, लहानपणी काकाने जे केलं ते आज वीस वर्षांनी पहिल्यांदा बोलतेय. तक्रार करायची का हा तिचा प्रश्न, तिला सांगा की उशीर झाला म्हणून पोक्सोची दारं बंद होत नाहीत आणि गुन्हा पोक्सो यायच्या आधीचा असेल तर वकील जुन्या कायद्याचं बघेल, पण ढकलू नका. मात्र बोलता बोलता ती म्हणते की काका आता भावाकडेच राहतो आणि भावाची मुलगी सात वर्षांची आहे. इथे माझ्या पाठीतून थंड लहर गेली होती. कारण कलम १९ मध्ये "होईल अशी भीती" हे शब्द आहेत, आणि आता खोलीत नसलेलं एक मूल आपल्या केसमध्ये आलं. तिला तेच सांगितलं, स्पष्ट, की हे ऐकल्यावर मला गप्प बसता येणार नाही, आणि तुलाही बहुतेक म्हणूनच आज बोलावंसं वाटलं असेल. ती रडली. मग आम्ही दोघींनी बसून ठरवलं की तिचं स्वतःचं कितपत उघड होईल, वहिनीला कोण बोलेल. दोन दिवस लागले, आणि त्या दोन दिवसांत ती पुतणी आजीकडे राहील याची सोय तिनेच केली.

बाई मोठी असेल तर

इथे उलट त्रास असतो, कायदा आपल्याला काही करायला लावत नाही आणि आपल्याला मात्र खूप काही करायचं असतं. खाजगी कौन्सेलिंगला आलेल्या प्रौढ बाईने नवऱ्याच्या मारहाणीबद्दल सांगितलं तर तिच्या मर्जीविरुद्ध पोलिसांत जायची सक्ती तुमच्यावर नाही. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, पण शकतं म्हणजे पाहिजेच असं नव्हे. हॉस्पिटलमध्ये नोकरी करत असाल तर वेगळं, बलात्कार किंवा ॲसिड हल्ल्याची पेशंट आली तर सरकारी असो की खाजगी, हॉस्पिटलने मोफत उपचार द्यायचे आणि पोलिसांना लगेच कळवायचं, तसा कायदा आहे. म्हणजे तुम्ही कुठे बसलाय यावर पण कर्तव्य बदलतं, नोकरीच्या पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

"सोडून दे त्याला" हे वाक्य मी नवीन असताना दोनदा म्हटलंय. त्यातली एक बाई परत आली नाही, दुसरी आली, दोन महिन्यांनी, आणि म्हणाली, "मॅडम, घरी सगळे सांगतात सहन कर, तुम्ही सांगता सोड, मला काय वाटतं ते कुणी विचारतच नाही." बाई कधी निघायचं ते तिच्या हिशोबाने ठरवते, आणि तो हिशोब बऱ्याचदा आपल्यापेक्षा पक्का असतो, कारण निघायच्या वेळी आणि निघाल्यावर मारहाण वाढू शकते हे तिला अनुभवाने माहीत असतं. आपण सेफ्टी प्लॅन करू शकतो. कागदपत्रं कुठे ठेवायची, रात्री निघावं लागलं तर कुणाकडे, शेजारणीला काय खूण करायची, १८१ (महिला हेल्पलाइन) आणि ११२ (आपत्कालीन) फोनमध्ये कोणत्या नावाने सेव्ह करायचे, सखी वन स्टॉप सेंटरला काय काय मिळतं. हे पाच-दहा मिनिटांचं बोलणं असतं पण त्यानंतर बाई जरा सरळ बसते.

आणि साध्या साध्या गोष्टींतून माणूस अडचणीत येतो. अपॉइंटमेंटची आठवण व्हॉट्सॲपवर गेली आणि फोन नवऱ्याच्या हातात होता. फी नवऱ्याच्या खात्यातून गेली आणि पावतीवर लिहिलं होतं "ट्रॉमा कौन्सेलिंग". म्हणून पहिल्याच दिवशी विचारा: मेसेज चालेल का, कोणत्या वेळी, फोन कुणी बघतं का, पावतीवर काय लिहू, मी बाहेर भेटले तर ओळख दाखवू का?

नवरा येतोच कधीतरी. निफाडकडचे एक दादा आले होते, बागायतदार, अगदी सभ्य, फी टेबलवर ठेवली आणि म्हणाले, "काय म्हणते ती? मी नवरा आहे, मला कळायला पाहिजे ना." ती येते की नाही हे सुद्धा मी सांगणार नव्हते, पण फी तेच देत होते. मी एवढंच म्हटलं, "दादा, इथे जो कुणी बसतो त्याचं दुसऱ्याला सांगायचं नाही असा नियमच आहे. उद्या तुम्ही आलात तर तुमचं पण मी कुणाला सांगणार नाही." ते गेले. मग त्याच दिवशी, ती एकटी असते त्या वेळी तिला फोन करून सांगितलं की ते आले होते आणि मी काय बोलले, अक्षरशः. हे राहून गेलं असतं तर घरी त्यांनी काहीही सांगितलं असतं, आणि तिने मानलं असतं.

दुभाषी

हे शहरात बसणाऱ्यांच्या लक्षात येत नाही पण सुरगाणा, पेठ, त्र्यंबक बाजूचं काम करणाऱ्यांना रोजचं आहे. बाई कोकणा (तिकडची आदिवासी बोली) बोलते, आपल्याला अर्धं कळतं, सोबत आलेला भाचा भाषांतर करतो. आता भाच्यासमोर ती काय सांगणार? आणि आपणही खुशाल लिहून टाकतो "पेशंट फारसं बोलत नाही". गावातल्याच आशाताईंना बसवलं तरी अडचण असते, ताई चांगल्या असतात पण त्या त्याच वाडीतल्या, उद्या पाण्यावर भेटणार. मी काय करते, दुसऱ्या गावची बाई मिळते का बघते, तिला आधी दहा मिनिटं बसवून गोपनीयता समजावते, जसं बोललं तसंच सांगायचं, स्वतःचं घालायचं नाही. आणि पेशंटला तिच्या भाषेत एकटीला विचारलं जातं की हीच चालेल का, नको असेल तर डोळे खाली कर. नाहीच मिळाली तर त्या दिवशी घडलेलं काही विचारायचं नाही, झोप, जेवण, आज घरी सुरक्षित आहे का, एवढ्यावर थांबायचं. कमी कळलेलं चालतं.

मोठ्या दुर्घटनेनंतर

नाशिकला हे नवं नाही. २७ ऑगस्ट २००३ ची कुंभातली चेंगराचेंगरी, ३९ माणसं गेली, ज्यांनी पाहिलं ते अजून सरदार चौकाकडून जाताना चाल बदलतात. २१ एप्रिल २०२१ ला ऑक्सिजनची गळती झाली आणि वीसहून जास्त पेशंट गेले, नातेवाईकांच्या डोळ्यांसमोर. आता २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, देव करो काही न होवो, पण झालं तर आपल्यातले कितीतरी जण मदतीला धावतील आणि त्यात एक चूक हमखास होईल: लोकांना गोल करून बसवायचं आणि "बोला, मन मोकळं करा, काय पाहिलंत ते सांगा."

हे करू नका. घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सगळं बोलायला लावणं, ज्याला डीब्रीफिंग म्हणायचे, त्याचा अभ्यास होऊन गेलाय, पीटीएसडी, म्हणजे धक्क्यानंतर मागे राहणारा मानसिक आजार, त्याने टळत नाही आणि काहींना उलट त्रास वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची मार्गदर्शिका मानसिक प्रथमोपचाराचं तीन शब्दांत सांगते: पाहा, ऐका, जोडून द्या. पाणी, चप्पल, घोंगडी, हरवलेल्या माणसाचा ठावठिकाणा, घरी एक फोन. बोलला तर ऐका, नाही बोलला तर शेजारी बसा. आणि टीव्हीवाले आले तर मध्ये उभं राहा, मानसिक आरोग्य कायदा २०१७ प्रमाणे मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय मीडियाला देता येत नाही. धक्क्यात असलेल्या माणसाने मान हलवली ती संमती नव्हे.

याच ओघात, आपले स्वतःचे रील. "आज माझ्याकडे एक केस आली" असं म्हणत नाव न घेता सगळं सांगणाऱ्या कौन्सेलर मी बघते आणि जीव खालीवर होतो. वय, भाग, नवऱ्याचा धंदा एवढं सांगितलं की नाशिकमध्ये ओळख पटायला वेळ लागत नाही. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा, मुलांसाठी पोक्सोत वेगळं कलम आहे. पण कायदा बाजूला ठेवा, तिने स्वतःची गोष्ट तुमच्या रीलमध्ये ऐकली तर ती परत कुणाजवळ तरी बोलेल का?

नोट्स

आपल्याकडे वकील आणि अशिलाचं बोलणं कायद्याने जपलेलं आहे, कौन्सेलरचं तसं नाही, कोर्टाने आदेश दिला तर नोट्स द्याव्या लागतात. म्हणून लिहितानाच असं समजून लिहा की हे तिच्यासमोर समोरच्या वकिलाने मोठ्याने वाचलं तर. तिचं वाक्य अवतरणात, आपला अंदाज वेगळा आणि "मला असं वाटलं" असं लिहून. "हिस्टेरिकल", "अटेन्शन सीकर" हे शब्द पेनातून येऊच देऊ नका. समन्स आलं तर घाबरून अख्खी फाइल देऊ नका, आणि त्याहून वाईट म्हणजे फाडून टाकू नका. वकिलाला विचारा, नेमकं काय मागितलंय ते बघा, तिला कळवा, तेवढंच द्या.

शहर लहान आहे

कॉलेज रोडच्या हळदीकुंकवाला क्लायंट वाण घेऊन समोर उभी राहते. जाऊबाईंच्या ऑफिसातली मैत्रीण अपॉइंटमेंट मागते. पुण्या-मुंबईत म्हणता येतं दुसरीकडे जा, इथे ट्रॉमाचं काम करणारी माणसं मोजकी, नाही म्हणावं तर ती कुठे जाणार? नातं लांबचं असेल तर मी घेते, पण उघड बोलून घेते की आपण अमुक घरी भेटू शकतो, तेव्हा कसं वागायचं. जवळचं असेल तर घेत नाही, पण नंबर देऊन मोकळी होत नाही, तिच्या परवानगीने दुसऱ्या कौन्सेलरशी बोलून अपॉइंटमेंट मिळाली का ते बघते.

आणि द्राक्षाची पेटी. फेब्रुवारी-मार्चमध्ये येतेच. सगळ्या गाइडलाइन्स भेटवस्तूबद्दल सावध करतात ते बरोबर आहे, पण जिच्याकडून आयुष्यभर ओरबाडून घेतलं गेलं ती पहिल्यांदा स्वतःच्या मर्जीने काहीतरी देतेय, तिला सरळ नाही म्हणणं मला जमत नाही. मी विचारते, हे आणताना मनात काय होतं? बहुतेक वेळा साधं प्रेम असतं, मग एक घड घेते, दोघी खातो, पेटी परत. कधी उत्तर येतं, "फी कमी घेता ना म्हणून." मग फीबद्दल बोलायला लागतं. सोन्याची वस्तू, पैसे, कुणाचं काम करून देणं, हे सरळ नाही.

मला येतं का हे?

दोन दिवसांचं वर्कशॉप करून ट्रॉमा थेरपिस्ट अशी पाटी लावणं थांबवलं पाहिजे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट लिहायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) नोंदणी लागते, ती नसेल तर कौन्सेलर लिहा, त्यात कमीपणा नाही. माणूस फ्लॅशबॅकमध्ये गेला, खोलीत आहे पण खोलीत नाही, तर त्याला परत आणता येतं का तुम्हाला? पाय जमिनीला टेकव, भिंतीवरच्या पाच गोष्टी सांग, आज तारीख काय? हे येत नसेल तर आठवणी उघडायला जाऊ नका. आधी सुरक्षितता, झोप, दिवसाचा ठेका, मग आठवणी. आणि रेफर करायचं तर ते सुद्धा तिला आधी सांगून, कारण "मला हे जमत नाही, दुसरीकडे जा" हे तिला "तू फार वाईट आहेस, मलाही झेपत नाहीस" असंच ऐकू येतं. मी म्हणते, "तुला जे लागणार आहे त्यात माझ्यापेक्षा जास्त शिकलेलं माणूस मला माहीत आहे, पहिली एक-दोन सेशन्स मी तुझ्या संपर्कात राहीन."

माझी एक चूक

सातेक वर्षांपूर्वीची. एका क्लायंटने संध्याकाळी मेसेज केला, "आता बास झालं." मी दोन फोन केले, उचलले नाहीत. घाबरले, आणि इनटेक फॉर्मवर बहिणीचा नंबर होता तिला फोन करून सगळं सांगितलं. सगळं, म्हणजे सासऱ्याचं पण. क्लायंट त्या वेळी गाडीवर होती, घरी पोचल्यावर तिने फोन बघितला. ती परत आली नाही. जिवाला धोका वाटला तर सांगायची मुभा आहे, २०१७ च्या कायद्यातही आहे, पण त्याच कायद्याचा अर्थ असा की जेवढं गरजेचं तेवढंच. बहिणीला "ती सुरक्षित आहे का बघा आणि मला कळवा" एवढं पुरलं असतं. आज मी पहिल्याच सेशनला विचारून ठेवते, मला काळजी वाटली तर कुणाला फोन करू आणि त्यांना काय सांगू, काय सांगू नको. शब्द तिचेच लिहून घेते. १४४१६ हा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, चोवीस तास, तो पण देते.

अडलं की मी कागद घेते. हे आज रात्री ठरवायला हवं का सकाळपर्यंत थांबता येईल? थांबलं तर कुणाला लागेल? हा निर्णय माझा, तिचा की कायद्याचा? मी हे तिच्या भल्यासाठी करतेय का माझी भीती कमी व्हावी म्हणून? या शेवटच्या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ बसते, बहिणीला केलेला तो फोन माझ्या भीतीने केला होता. मग ओळख न देता एका सिनियरला फोन, मग क्लायंटला सांगणं, मग जे केलं आणि का केलं ते तारीख घालून लिहिणं. दुसरं काय करता आलं असतं आणि ते का नाही केलं हेही दोन ओळींत.

एकटीने हे झेपत नाही. दिवसाला चार-चार अशा गोष्टी ऐकल्या की स्वप्नं त्यांची पडायला लागतात, आपल्या मुलीला ट्यूशनला सोडताना हात घट्ट होतो, आणि त्या अवस्थेत घेतलेले निर्णय एकतर फार घाबरट होतात नाहीतर फार धाडसी. आम्ही पाचजणी महिन्यातून दोनदा बुधवारी दुपारी भेटतो, एकीच्या क्लिनिकमध्ये, फोन बाहेर ठेवून, नावं-गावं न घेता, प्रत्येकीने एक अडलेला निर्णय मांडायचा. ती सिडकोची ज्युनियर आता सहावी. ज्यांच्याजवळ असं कुणी नाही त्यांनी दोघींनी सुरू करा, या आठवड्यात, वार ठरवून.